चित्र घडतानाची टिपणे उघडपणे लिहावीत का, आणि किती?

प्रश्न – घाटकाठ
गेली १२ वर्षे मी पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्याच्या काठी बसून जलरंगात निसर्गचित्रे रंगवतो. अलीकडे दर आठवड्याला त्या कामाची टिपणे इंटरनेटवर लिहू लागलो आहे. कोणता कागद घेतला, कोणते रंग मिसळले, एक चित्र जमण्याआधी किती कागद बाद झाले, हे सारे त्यांत असते. माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना हे पसंत नाही. त्यांच्या मते वर्षानुवर्षांच्या मेहनतीने हाताला आलेली गोष्ट अशी वाटून टाकू नये, शिवाय बिघडलेली चित्रे पाहून ग्राहक किंमत द्यायला कचरेल. मला लिहायचे आहेच. मर्यादा कोठे आखावी?

उत्तर – ओला कागद
मिश्रण सांगितल्याने आपले चित्र दुसऱ्याच्या हाती जात नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी छटा मिळते, हे नवशिक्यालाही ठाऊक असते. अवघड आहे ते वॉशची, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थराची, ओल ओळखणे, कारण कागदावरची चकाकी ओसरत असताना पाण्याने भरलेला ब्रश टेकला, तर रंग कडेला ढकलला जाऊन फुलकोबीसारखे डाग उमटतात. म्हणून कृतीपेक्षा त्या क्षणाचा निर्णय लिहा: किती थांबलात, का थांबलात, हवा दमट होती की कोरडी. कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. त्यांच्या निसर्गचित्रांसमोर उभा राहिलो की हा प्रकाश कोणत्या टप्प्यावर राखला असेल, असे त्यांनाच विचारावेसे वाटते. व्हॅन गॉगची भाऊ थिओला लिहिलेली ६०० हून अधिक पत्रे मात्र उपलब्ध आहेत आणि त्यांत रंगांच्या नावांसह रेखाटनेही आहेत. बाद कागदांविषयी तर आपण अवश्य लिहावे. शिकणाऱ्याला त्याचाच खरा आधार असतो.

उत्तर – कायद्याचा वाचक
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रंगवण्याची पद्धत कोणाच्या मालकीची होत नाही. आपले चित्र आणि आपले लेखन मात्र हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षित असते. ग्राहकाने सांगून करवून घेतलेले व्यक्तिचित्र त्यांच्या संमतीशिवाय दाखवू नये.

उत्तर – जुनी पेटी
माझे मत थोडे वेगळे आहे. एका अपुऱ्या चित्राविषयी मी लिहिले, वाचकांनी त्यातील आकाशाची मनापासून स्तुती केली, आणि पुढे त्या आकाशावर गडद वॉश चढवणे आवश्यक होते तरी माझा हात धजावला नाही. ते चित्र तसेच फिके राहिले. टिपणे रोज वहीत करावीत, परंतु चित्रावर सही होईपर्यंत ती कोणाला दाखवू नयेत.