पद्मिनीच्या वायरिंगला लाल-निळी पक्कड नको

दादा, तुमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं वायरिंग स्वतः करायला घेतलंत, फार बरं वाटलं. पण वायरच्या टोकांना टर्मिनल (जोडणीचे धातूचे तुकडे) दाबून बसवायला घरातल्या लाल-निळ्या-पिवळ्या खुणांच्या पक्कडीवर भागेल का, असं विचारलंत, तर नाही भागणार. ती प्लास्टिकच्या टोपीतल्या टर्मिनलांसाठी असते, नुसतं चपटं दाबते. जुन्या गाड्यांना उघड्या पंखांचे पितळी टर्मिनल लागतात. त्यांची पुढची जोडी तांब्याच्या तारांना धरते आणि मागची वायरच्या आवरणाला. डाय, म्हणजे पक्कडीच्या तोंडातला दाबायचा साचा, बरोबर असेल तर पुढचे पंख आत वळून तारांत रुततात, टोकाकडून बघितलं की इंग्रजी बी आडवा पडल्यासारखा दिसतो.

पक्कड रॅचेटवालीच घ्या. पूर्ण दाब बसेपर्यंत ती सोडत नाही, त्यामुळे दमलेल्या हातानेही शेवटचा जोड पहिल्यासारखाच बसतो. डाय बदलता येणारी बघा. 6.3 मिमीच्या चपट्या टर्मिनलांची डाय गोल बुलेट कनेक्टरला चालत नाही.

दाबण्याऐवजी कथील वितळवून डाख देऊ का, हेही विचारलंत. नको. माझ्या जुन्या स्कूटरला मी सगळीकडे डाख दिला होता. तुळजापूरहून सोलापूरला येताना रात्री हेडलाइट गेला. वायर बरोब्बर कथील संपतं तिथेच तुटली होती. कथील तारांत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि थरथरीने त्याच्या कडेला तुटतो.

आधी त्याच वायरच्या तुकड्यावर दोन-चार जोड करून जोरात ओढून बघा. आणि वायर सोलताना एकही तार कापली जाऊ देऊ नका.