अनुभव धागा: कडाक्याच्या थंडीत पाय गरम कसे ठेवता?

रानवाट
डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला निघालेल्या पोरांचं सामान पाहिलं आणि जुने हिवाळी ट्रेक आठवले. सॅकमध्ये सगळे सुती मोजे! सुती मोजा घाम धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि ओला मोजा पायातली ऊब ओढून घेतो. आत पातळ सिंथेटिक, वर जाड लोकरीचा, एवढं पुरतं. बूट हेच दोन मोजे घालून, संध्याकाळी विकत घ्या. तोवर पाय थोडे फुगलेले असतात. आत बोटं मोकळी हलायला हवीत. तुम्हीही लिहा, पोरांना वाचायला पाठवते.

कातळकडा
तिसरा मोजा कोंबू नका!! हवा दबते, रक्तही नीट पोचत नाही, पाय उलटे जास्त गार पडतात. लेस घोट्याशी घट्ट, पंजावर सैल.

शुभदा_क
पाय गार पडले की आधी डोक्यावर टोपी, अंगात जाकीट. धड गारठलं की शरीर हातापायांचं रक्त कमी करतं, मग मोजे कितीही चांगले असोत. आणि थांबाल तिथे बर्फावर नुसते उभे राहू नका, पायाखाली फोमची मॅट घ्या. तळव्यातून फार ऊब जाते.

झंस्कार_प्रेमी
चादरला, म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या ट्रेकला, गमबूटच. बर्फावरून पाणी वाहतं तिथे ट्रेकिंगचे बूट भिजतात. लेहच्या बाजारात मिळतात, एक नंबर मोठे घ्या, आत फेल्टचा इनसोल टाका. रबरातून घाम बाहेर जात नाही, म्हणून कॅम्पवर पोचल्या पोचल्या मोजे बदलायचे. आळस नको.

शेतावरून
आमच्याकडे निफाडला रात्रपाळीची लाईट, कांद्याला पाणी द्यायला गमबूट घालूनच जावं लागतं. बुटात चिखलपाणी गेलं की संपलं. कोरडे मोजे पिशवीत बांधून मोटरीच्या खोलीत ठेवावे.

शुभदा_क
@शेतावरून द्राक्षं कशी आहेत यंदा? पारा उतरला की मणी तडकतात ना?

शेतावरून
हो ताई. पहाटे बागेत शेकोट्या करतात, ड्रिपने पाणीही सोडतात. विहिरीचं पाणी कोमट असतं.

कातळकडा
रात्रीचं कोणी लिहिलं नाही. झोपायचे मोजे वेगळे, दिवसा वापरायचेच नाहीत. गरम पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी. बूट तंबूबाहेर ठेवले तर ओल गोठते आणि सकाळी पाय आत जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत घ्या. शेकोटीजवळ वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. कागदाचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला.

मिनेसोटाची_माई
इकडे सुटं अस्तर असलेले बूट मिळतात. अस्तर रोज रात्री काढून वाळवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आत गारच. घाईत आहे, भात लावलाय.

रानवाट
वॉर्मरच्या पुड्या कोणी वापरता का?

झंस्कार_प्रेमी
त्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की तापते. घट्ट बुटात हवा कमी, म्हणून पायासाठीच्या वेगळ्या घ्या. मोज्यावर लावा, कातडीवर कधीच नाही, भाजतं. मधुमेह असेल तर नकोच, भाजलेलं कळत नाही.

डॉ_मावशी
हे नीट वाचा. बोटं लाल-जांभळी, खाज, आग: चिलब्लेन. हळूहळू ऊब द्या, शेकू नका. बोटं पांढरट, मेणासारखी, बधिर: हिमदंश. चोळू नका, बर्फ घासू नका, शेकोटी नको. निवाऱ्यात पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवू नका, नुकसान वाढतं.

कातळकडा
मावशी, हे पोरांना आधी पाठवा!

नवखा_गिरी
बुटावरून पोटरीपर्यंत बांधतात ते गेटर्स विकत घ्यावेच लागतात का?

रानवाट
नाही रे, पायथ्याच्या सांक्री गावात भाड्याने मिळतात, बुटाखाली चढवायचे टोकदार मायक्रोस्पाइक्सही. फक्त गेटर्सची चेन आणि पायाखालचा पट्टा तिथेच ओढून बघ. पट्टा तुटला की बर्फ थेट बुटात.