रिसेप्शनला फोन उचलला नाही तर कॉल पुढे कसा पाठवायचा? (फ्रीपीबीएक्स, म्हणजे ऑफिसची फोन सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर)

प्रश्न:
रिसेप्शनचं एक्स्टेन्शन (आतला फोन नंबर) १०१ आहे. मॅडम जेवायला गेल्या की फोन नुसता वाजतो आणि मग व्हॉइसमेलला जातो, कस्टमर मेसेज कुठे ठेवतात, सरळ कट करतात. मला १०१ नंतर अकाउंट्स आणि तिथंही कोणी नसेल तर सरांचा मोबाईल असं हवंय. कुठे सेट करायचं?

उत्तर १:
फ्रीपीबीएक्समध्ये एक्स्टेन्शन १०१ चं सेटिंग उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये खाली ऑप्शनल डेस्टिनेशन्स दिसेल. नो आन्सर, बिझी, नॉट रीचेबल (उचलला नाही, बिझी असला किंवा फोन सिस्टीमला जोडलेलाच नसला तर कॉल कुठे जावा) हे तिन्ही भरा, कारण नुसतं नो आन्सर भरलं आणि कधी फोनची लॅन केबल निघाली तर कॉल पुन्हा व्हॉइसमेललाच जाणार. रिंग टाइम २० सेकंद पुरे. आणि सेव्ह केल्यावर वरचं लाल अप्लाय कॉन्फिग बटण दाबा, त्याशिवाय काहीच लागू होत नाही.

उत्तर २:
बरोबर, फक्त अकाउंट्ससाठी रिंग ग्रुप (एका नंबरवर अनेक फोन वाजवणारा गट) करा आणि १०१ च्या त्या तिन्ही ठिकाणी तोच द्या, रिंगऑल ठेवा म्हणजे सगळे फोन एकदम वाजतील. मोबाईलसाठी वेगळा ग्रुप, त्यात नंबरच्या शेवटी # लावायचं आणि कन्फर्म कॉल्स येस करायचं, मग सरांनी उचलून १ दाबल्यावरच कॉल जोडला जातो, नाहीतर मोबाईलच्या व्हॉइसमेलने उचललं तरी सिस्टीमला वाटतं माणूस बोलतोय आणि कस्टमर तिथेच अडकतो. पहिल्या ग्रुपचं नो आन्सर डेस्टिनेशन म्हणून हा दुसरा ग्रुप द्या.

प्रश्नकर्ता:
जमलं! १०१ ची केबल काढूनही बघितलं, लगेच अकाउंट्सला वाजला. खूप आभार दोघांचे.