सोलरच्या टाकीत हीटर बसवलाय का कुणी? अनुभव सांगा

आमचं पुण्यात रो-हाउस आहे. गच्चीवर दोनशे लिटरचं सोलर, काचेच्या नळ्यांचं. उन्हाळ्यात पाणी इतकं कढत येतं की सासूबाई त्या नळाला बंबच म्हणतात. पण जुलैत चार दिवस झड लागली की कोमटसुद्धा मिळत नाही. मग बादलीत रॉड लावायचा आणि आत कुणी जाऊ नये म्हणून मी न्हाणीघराच्या दाराशी पहारा देत उभी. घरात पाच वर्षांचं पोर आहे, आता नको वाटतं. टाकीच्या कडेला बूच लावलेलं एक भोक आहे, तिथे दोन किलोवॅटचा हीटर बसतो म्हणे. बसवलेल्यांनी सांगा, बिल किती वाढलं, काय चुकलं. 'बसवू नका' म्हणणारेही हवेत.

रंकाळाकाठ
बसवला, पस्तावलो, मग शहाणा झालो. पहिल्या पावसाळ्यात पहाटे पाचला बटण दाबायचो आणि साडेसहाला पाहावं तर पाणी जेमतेम कोमट. कंपनीला शिव्या घालून झाल्या. मग कागद घेऊन बसलो. दोनशे लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते, म्हणजे दोन किलोवॅटच्या हीटरला सव्वादोन तास हवेतच. तेवढंच वीस लिटरच्या बादलीला अर्धं युनिटही लागत नाही. घरात आम्ही दोघंच. दोन बादल्यांसाठी रोज अख्खी टाकी तापवत होतो!

त्यात गच्चीपासून खालपर्यंतच्या पाइपातलं गार पाणी आधी सोडावं लागतं, ते वेगळंच. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. पहिली अंघोळ झाली की तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं, थर्मोस्टॅटला वाटतं पाणी निवलं, हीटर पुन्हा सुरू. आपण ऑफिसात, तो वर गच्चीवर राबतोय. आता टायमर लावलाय, साडेतीन ते सहा, आणि अंघोळीआधी बंद. तोही फक्त घर भरलेलं असताना. गणपतीत सात-आठ माणसं असली की हाच हीटर सोन्यासारखा वाटतो. एरवी खाली दहा लिटरचा गीझर घेतलाय.

निवृत्त वायरमन
दोन किलोवॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. गच्चीवरच्या दिव्याच्या बोर्डातून लाइन ओढू नका. असे काळे पडलेले बोर्ड मी किती बदललेत, मोजदाद नाही. डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य वितरण पेटीतून, स्वतंत्र अडीच एमएमची वायर, जास्त करंट गेला की पडणारा सोळा अँपिअरचा एमसीबी, वीज कुठे गळायला लागली की लाइन तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच खाली घरात. टाकीच्या बॉडीला अर्थिंग हवंच. काही महाभाग अर्थची वायर नळाच्या पाइपाला बांधून मोकळे होतात. पूर्वी पाइप लोखंडी तरी होते. आता सगळे प्लास्टिकचे, त्यातून कसली अर्थिंग मिळणार?

बोअरचं पाणी
लातूर. दुसऱ्या वर्षी बटण दाबलं की आरसीसीबी पडायला लागला. हीटर काढून पाहिला तर कॉइलवर खडूसारखा पांढरा थर, नखाने टोकरला की पापुद्रे निघत होते, आणि खाली नळी उभी तडकलेली. क्षारांमुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, कॉइल आतल्या आत भाजत राहते. आता दिवाळीनंतर काढून लिंबाच्या सताच्या पाण्यात भिजत घालतो, थर विरघळतो.
दुसरा हीटर मात्र माझ्याच चुकीने गेला. टाकी रिकामी आणि बटण चालू. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर, इथे टाकी भरलेली असेलच असं धरून चालायचं नसतं, हे मला तरी कळायला हवं होतं.

लीड्सकर
इथे इंग्लंडात अजून बऱ्याच घरांत कपाटात पाण्याचं उभं सिलिंडर असतं आणि त्यात तीन किलोवॅटचं 'इमर्शन', म्हणजे पाण्यात बुडालेला हीटर. आमच्या आधीच्या घरात दोन होती. खालचं रात्रीच्या स्वस्त विजेवर चालायचं, 'इकॉनॉमी सेव्हन'चे सात तास, आणि सगळी टाकी तापवायचं. वरचं दिवसा लागलं तर, कारण ते फक्त आपल्या वरचंच पाणी तापवतं. दोन बादल्यांसाठी अख्खी टाकी तापते ही रंकाळाकाठ यांची तक्रार नेमकी याच्याशी जोडलेली आहे. भोक कुठल्या उंचीवर आहे ते आधी बघा. अर्थात आपल्याकडच्या सोलरच्या टाक्या आडव्या, त्यात वर-खाली असं असून असून किती असणार म्हणा.

शेंडी-करवंटी
रत्नागिरी. आम्ही काहीच बसवलं नाही. पावसात तांब्याचा बंब पेटवतो. धुराने डोळे चुरचुरतात, पण बिल शून्य.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल उघडीप होती म्हणून गच्चीवर जाऊन आले. टाकी आडवीच आहे आणि भोक मध्याच्याही खाली, म्हणजे तापली तर जवळजवळ सगळी टाकी तापणार. आम्ही चौघं, त्यात पोराला अर्धी बादली पुरते. टाकीशेजारचा आमचा बोर्ड उघडून घेतला तर अर्थची हिरवी वायर कशालाच जोडलेली नाही, नुसती गुंडाळी करून आत कोंबलेली. सात वर्षं त्याच बोर्डावर पाण्याची मोटर चालतेय!
तेव्हा टाकीतला हीटर तूर्त रद्द. रविवारी वायरमन अर्थिंग करायला येतोय, आणि खाली पंधरा लिटरचा गीझर ठरलाय. रॉड सासूबाईंनी माळ्यावर टाकला, पण त्याआधी कात्रीने त्याची पिन कापून घेतली. म्हणाल्या, "तुझा नवरा पुन्हा काढील."