मदत हवी आहे: ग्रेट मिसेंडनचं भाड्याचं घर आणि ग्रामर स्कूल

लंडनच्या हॅरोहून बकिंगहॅमशर काउंटीमधल्या ग्रेट मिसेंडनला जायचा विचार आहे. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनला थेट गाडी, साधारण पाऊण तास, तो प्रश्न नाही. अडतंय शाळेपाशी. मुलगी इयर फाइव्हमध्ये, शाळा काउंटीबाहेरची, म्हणजे इलेव्हन प्लसची, अर्थात ग्रामर स्कूल या निवडक सरकारी शाळांच्या प्रवेशपरीक्षेची, नोंदणी आपणच करायची. परीक्षा सप्टेंबरात, पात्रतेला १२१ गुण. पण १२१ मिळाले म्हणजे जागा मिळाली असं नाही. अर्ज जास्त आले की कॅचमेंट, म्हणजे शाळेला ठरवून दिलेला परिसर, बघतात, आणि अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर.

हॅरोचं घर न विकता तिथे भाड्याने राहिलो, तर काउन्सिल नवा पत्ता धरते का? भाडेकरार किती महिन्यांचा लागतो? लिटल चॅलफंटच्या डॉ. चॅलोनर्स हायस्कूलच्या कॅचमेंटमध्ये हे गाव पूर्ण येतं का? अलीकडे यातून गेलेल्यांनी कृपया सांगा. एजंटांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांचं प्रत्येक घर कॅचमेंटमध्येच असतं!