ओव्हन नसेल तर तवसोळी करा
मुलं सांभाळताना ओव्हनशिवाय त्यांना काय भाजून देऊ, असं विचारलंत म्हणून तवसोळी, म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, लिहिते. मीही मालवणात शेजारची दोन पोरं सांभाळते. त्यांची आई बाजारातून मासे विकून येईपर्यंत ती माझ्याकडेच.

जून तवसं (मोठी, पिकलेली काकडी) बिया काढून किसा, सुटलेलं पाणी मात्र फेकू नका. त्यातच भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ कालवून रवा फुगू द्या. थोरल्याला ढवळायचं असतं, धाकटी गूळ पळवते. त्यामुळे गूळ जरा जास्तच घ्या! जाड टोपात हळदीचं पान, वर मिश्रण, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. गॅसवर टोपाखाली जुना तवा ठेवा. निखाऱ्यांशिवाय वरचा रंग येत नाही, चव येते. लहानग्यांना अख्खे काजू नकोत, घशात अडकतात. आणि गार झाल्यावरच कापा, नाहीतर भुगा होतो.