हेडलाइट धुरकट झाल्यात, बदलायच्या की घासायच्या? (पार्किंग ग्रुप)

बी-३०२: नमस्कार मंडळी. आमच्या गाडीच्या दोन्ही हेडलाइट पिवळट आणि धुरकट झाल्यात. रात्री डिपरवर रस्ता दिसतच नाही. बल्ब बदलले, तरी फरक नाही. अख्खी असेंब्लीच बदलावी लागेल का?

सी-१०४: टूथपेस्ट लावून कापडाने घासा. लगेच चमकतात.

डी-२०१: किंवा जास्त वॅटचे बल्ब टाका.

ए-५०३: बी-३०२ ताई, यातलं काहीच लगेच करू नका, जरा सविस्तर लिहितो. आपण काच म्हणतो ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. हे प्लॅस्टिक सहज फुटत नाही, पण ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर अतिनील किरण अडवणारा पातळ कडक थर देतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धुळीच्या घर्षणाने तो थर झिजला, की खालचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागतं. बल्ब कितीही नवा असला तरी उजेड त्या खरखरीत पृष्ठभागावर विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो. वॅट वाढवले तर ही चकाकीच वाढेल, शिवाय वायरिंग आणि रिफ्लेक्टर तापतील ते वेगळंच.

सी-१०४: पण टूथपेस्टने फरक पडतो हो काका, मी स्वतः पाहिलंय.

ए-५०३: पडतो, नाही म्हणत नाही. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे वरची धुरकट साय निघते. पण उरलासुरला संरक्षक थरही तिच्याबरोबर जातो आणि प्लॅस्टिक उघडं पडतं. मग थोड्याच काळात पुन्हा तेच. डास पळवणारा स्प्रे मारायचा सल्लाही फिरत असतो. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिकच विरघळवतं. थिनर आणि ॲसिटोनने तर बारीक तडे जातात.

बी-३०२: मग घरी नीट करता येईल का? माझी तयारी आहे.

ए-५०३: येईल. आधी लाइट पाण्याने ओली करून बघा. ओली असताना धुरकटपणा बराच कमी दिसला, तर बिघाड वरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून जाईल. आतून तडे असतील किंवा रिफ्लेक्टरची चमकच गेली असेल, तर मेहनत फुकट जाईल, तिथे नवीनच घ्या. आतमध्ये पाणी साचत असेल तर सील गेलंय, ते आधी बघा. पावसाळी हवेत आत हलकी वाफ धरते आणि लाइट लावल्यावर जाते, त्याची काळजी नको.

मग लाइट साबणाने धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. वॉटर पेपर (पाण्यात ओला करून वापरायचा सँडपेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक) ८०० नंबरपासून सुरू करा, मग १०००, १५००, २०००. पेपर आणि लाइट दोन्ही सतत ओले हवेत. एका नंबरला आडवं घासलंत तर पुढच्याला उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पहिल्या पेपरला पिवळसर पाणी निघेल. ते पांढरं यायला लागेपर्यंत आणि सगळीकडे एकसारखा दुधी रंग येईपर्यंत पुढे जायचं नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मागे डाग राहतात. लाइट या टप्प्यावर आधीपेक्षा वाईट दिसेल, घाबरू नका.

बी-३०२: आणि मग पॉलिश?

ए-५०३: कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या लेपाने, बफ केलं की आरपार दिसायला लागेल, आणि लोक तिथेच थांबतात. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की तिथे थांबू नका. त्या क्षणी प्लॅस्टिकवर उन्हापासून कसलंच संरक्षण नसतं. वर यूव्ही क्लिअर कोट (अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर) द्यायचाच नसेल, तर घासायलाच घेऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण कोरडं करून मगच कोट द्या. हार्डनरवाला टू-के स्प्रे जास्त टिकतो, बारीक ओरखडेही भरतो, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासातून गेल्यास घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क चालत नाही, रेस्पिरेटर लागतो आणि मोकळी हवा लागते. ते जमणार नसेल तर पुसून लावायचा कोट घ्या आणि तो अधूनमधून पुन्हा द्या.

ई-४०२: खरंच एवढा फरक पडतो का उजेडात?

ए-५०३: अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली चाचणी घेतली होती. खराब झालेल्या लाइट डिपरवर नव्याच्या २२ टक्केच उजेड देत होत्या. घासून, पॉलिश करून तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे नव्यासारख्या होत नाहीत, पण रस्त्यावरचा माणूस वेळेत दिसण्याइतका फरक नक्की पडतो.

डी-२०१: आमची गाडी अजून नवी आहे. आत्तापासून काय करू?

ए-५०३: सावलीत लावा, नाहीतर कव्हर घाला. धूळ कोरड्या कापडाने पुसू नका, आधी पाणी मारा. पारदर्शक पीपीएफ फिल्म (गाडीच्या रंगावर लावतात ती संरक्षक फिल्म) लावून घेतली तर उत्तमच. काळपट फिल्म मात्र नको, उजेड खाते. मेणाच्या पॉलिशवर फार भिस्त ठेवू नका.

बी-३०२: काका, रविवारी सकाळी करायला घेते. पहिल्या पेपरनंतर एकदा खाली येऊन बघाल का?

ए-५०३: येतो. कोट दिल्यावर मात्र तो पूर्ण सुकेपर्यंत गाडी हलवू नका, डब्यावर दिलेला वेळ पाळा. आणि रात्री भिंतीसमोर लावून दोन्ही लाइटची उंचीही तपासून घेऊ.